काचेच्या पेल्यातलं निळं

त्या वर्षी देवाकडे माझं एकच मागणं होतं. मार्चपर्यंत माझं लग्न होऊ नये. त्यानंतर कुठल्याही गावाला द्या, कुणाच्याही गळ्यात बांधा, मी हूं की चूं करणार नव्हते. पण मार्चमधली मॅट्रिकची परीक्षा मला द्यायचीच होती. हे घरात बोलून दाखवायची सोय नव्हती. सतरावं सरत आलं होतं, आणि आळीतल्या बायका मला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात 'घोडनवरी' म्हणायला लागल्या होत्या. माझ्या दोन्ही थोरल्या बहिणी चौदाव्या-पंधराव्या वर्षी उजवल्या गेल्या. मीच काय ती घरात उरले होते.

आम्ही नाशकात तांबट आळीच्या तोंडाशी राहत होतो. माडीवरच्या दोन खोल्या आणि वर गच्ची, तीही सगळ्या बिऱ्हाडांची मिळून. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते कचेरीत कारकून होते. खाली उजाडल्यापासून तांब्या-पितळेच्या पत्र्यांवर हातोडे पडायचे. जन्म त्या ठोकठोकीत गेला, कधी काही वाटलं नाही. पण त्या वर्षी मात्र एकेक ठोका डोक्यात बसायचा. पुस्तक घेऊन बसावं तर चार ओळींवर मी उठायची. माठातलं पाणी प्यायची, खिडकीशी जायची, परत यायची, तेच पान, तीच ओळ. आई म्हणायची, "तुझ्या पायाला भिंगरी बांधलीय का गं? बस की जरा एका जागी!" बसू कशी? जिन्यावर कुणाची पावलं वाजली की मला वाटायचं, आलं कुणीतरी स्थळ घेऊन.

पाऊस नुकता सरला होता. आईनं मला गच्चीवर धाडलं होतं, डाळी उन्हात घालून राखायला. माझ्या मांडीवर भूमितीचं पुस्तक. आणि वर ते आभाळ! नाशकात आश्विन-कार्तिकात आभाळ कसं होतं ते नाशिककरांना सांगायला नको. लख्ख, धुतलेलं, कुठे डाग नाही. लोकांना ते बघून प्रसन्न वाटतं म्हणतात. मला राग आला. खरंच सांगते, राग आला. मी इथे जिवाला घोर लावून बसलेय आणि तू आपलं निळंच्या निळं! आणि निळंच का? हिरवं का नाही, पांढरं का नाही? हा प्रश्न मला असा रागातून पडला. ज्ञानाची तळमळ वगैरे काही नव्हती.

संध्याकाळी दादांना विचारलं. ते टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "समुद्राचं प्रतिबिंब पडतं."

"मुंबईच्या समुद्राचं? नाशकात? मधे कसाऱ्याचा घाट आहे, दादा."

"अगं, समुद्र केवढा असतो तुला माहितेय का?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आम्हा दोघांपैकी कुणीच समुद्र बघितलेला नव्हता, त्यामुळे वाद तिथेच थांबला. मग आईकडे गेले. ती चुलीशी होती. म्हणाली, "देवानं केलंय निळं. ती आमटी ढवळ, लागेल खाली."

शाळेत आम्हाला शास्त्र शिकवायला एक बाई होत्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, पण शिकलेल्या, स्वतःच्या कमाईवर राहणाऱ्या. पांढरं पातळ, पायात वहाणा, आणि चाल अशी की बाजारातली माणसं आपोआप बाजूला व्हायची. मला मॅट्रिक का व्हायचं होतं, तर त्या बाईंसारखं चालायचं होतं म्हणून. दुसरं काही कारण मी तेव्हा सांगू शकले नसते. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले आणि त्यांना विचारलं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. आठ दिवस दे."

मास्तर, पंतोजी, भटजी, वडील, काका, आमच्या आयुष्यात कुणी मोठं माणूस 'मला ठाऊक नाही' असं म्हणालेलंच नव्हतं. मला तर वाटलं, आता बाईंची नोकरी जाणार.

आठ दिवसांनी त्या एक लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आल्या, काचेची, लख्ख घासलेली. आणि घरून वाटीत झाकून आणलेलं दूध. वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या. एका झडपेला भोक होतं, त्यातून उन्हाची एक तिरीप आत आली. बरणीत पाणी भरून त्यांनी ती तिरिपेत ठेवली, मागे काळा फळा. मग बोटानं दुधाचे थेंब सोडत गेल्या. एक, दोन, पाच, सात. पाणी धुरकट झालं, आणि बघता बघता निळसर दिसायला लागलं. निळसर! पाणी निळं नाही, दूध निळं नाही, बरणीला रंग नाही, आणि हे निळं आलं कुठून?

"आता इकडून या," बाई म्हणाल्या, "तिरिपेच्या समोरून बघा." समोरून तेच पाणी तांबूस. मावळतीच्या वेळी गोदेच्या पलीकडे उतरतं ना ऊन, तसं.

मग त्यांनी सांगितलं. उन्हात सगळे रंग असतात. हवेत अतिबारीक कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. तांबडा उजेड त्यांच्यातून बराचसा सरळ निघून जातो. निळा मात्र त्यांच्यावर आपटून चहूकडे उधळला जातो. म्हणून आपण वर कुठेही बघितलं तरी तिकडून निळाच डोळ्यांत येतो. संध्याकाळी ऊन हवेतून फार लांबून येतं, निळा वाटेतच उधळून संपतो, आणि तांबडा तेवढा उरतो. पुढच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "मग जांभळं का नाही?" बाई म्हणाल्या, "आपल्या डोळ्यांना जांभळा कमी दिसतो म्हणे. पण ते मला अजून नीट कळलेलं नाही."

मी घरी आले ती वाऱ्यावरच. एवढ्या मोठ्या आभाळाचा उलगडा लोणच्याच्या बरणीत! पुढचे चार दिवस मी आईचं डोकं खाल्लं. औषधाची एक पांढऱ्या काचेची बाटली होती, तिच्यात पाणी भरायचं, दुधाचे थेंब घालायचे, खिडकीत ठेवायची, मागे दादांचा काळा कोट धरायचा. आई ओरडली, "दूध काय नळाला येतं का गं?" पण शेवटी पदराला हात पुसत आलीच बघायला. वाकून बघितलं आणि म्हणाली, "इश्श! हेच ना? हे तर रोजचं आहे. गवळी पाणी घालतो त्या दिवशी दूध असंच निळं पडतं. काचेत घेतलं की लगेच कळतं."

बाईंना आठ दिवस लागले, ते आमच्या आईला चुलीपाशी बसून कधीचं ठाऊक होतं. आभाळाशी तिनं त्याचा संबंध जोडला नव्हता, एवढंच. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला. हे सांगायलाच हवं, कारण पुढे मी जे केलं ते यानंतर केलं.

कार्तिक संपता संपता पुण्याचं स्थळ आलं. मुलगा पदवीधर, सरकारी कचेरीत नोकरी, वडील नाहीत, मामांच्या हाताखाली वाढलेला. मामा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांचं पत्र दादांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की मुलगी शिकलेली हवी, परंतु पुढे शिकण्याची हौस नसावी. लग्न माघात उरकायचं. हुंड्याची अट नाही. दादांचा आवाज शेवटच्या वाक्याला भरून आला. आई देवापाशी साखर ठेवायला उठली. माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. मार्च माझ्या हातातून गेलाच म्हणायचा. मी आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं, पण रडू आलं नाही. नुसतीच तळमळ.

"दादा, परीक्षा झाल्यावर नाही का चालणार?" एवढं मी धीर करून विचारलं होतं.

"त्यांना माघच हवाय, बाळ. आणि परीक्षा कशासाठी देतात? चांगलं स्थळ मिळावं म्हणून. ते तर मिळालंच." त्यांच्या दृष्टीनं हिशेब मिटला होता. माणूस प्रेमळ होता हो, उगाच कशाला खोटं बोलू? पण त्यांना दिसतच नव्हतं.

मंडळी बघायला यायची होती रविवारी दुपारी. चौघं येतील असं कळवलं होतं. आईची सकाळपासून धांदल. आणि तिनं काय करावं? खाली राहणाऱ्या काकूंचा मुलगा रेल्वेत होता, त्यानं मुंबईहून अर्धा डझन काचेचे पेले आणले होते, ते ही बाई उसने घेऊन आली! नाशकात राहून! आमच्या मांडणीवर पितळी पेले सोन्यासारखे झळकत होते. जिन्याखाली अख्खी आळी भांडी घडवत होती. लोक गावोगावाहून नाशकात येऊन भांडी घेऊन जातात आणि आमची आई काचेचे पेले मागून आणते. मी म्हटलं, "काय अडलं होतं?" तर म्हणाली, "पुण्याची माणसं आहेत. पितळेत चहा दिला तर म्हणतील, खेडवळ आहेत." तिनं ते पेले राखेनं नाही, रिठ्याच्या पाण्यानं धुतले, फडक्यानं पुसले आणि उजेडात धरून बघितले. तिला केवढा आनंद झाला होता!

नाशिक रोड स्टेशनवरून दोन टांगे करून मंडळी आली. चौघं नव्हे, आठ जणं. मामा, मुलगा, मुलाची आई, आणि बाकी कोण कोण नात्यातले, 'आलोच होतो तर' म्हणून आलेले. पोहे आई कसेबसे पुरवणार होती. चहाचं आधण ठेवलं होतं. तेवढ्यात बाहेरून मामांचा आवाज आला, "आमच्याकडे चहा कुणी घेत नाही बरं का. परदेशी खूळ. दूध चालेल."

आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं. दूध होतं तीन-चार पेल्यांपुरतं. रविवारी दुपारी गवळी कुठला? काकूंकडे विचारायला जावं तर त्यांच्याकडे आजारी माणूस, त्यांचं दूध मागणार कसं? केशर घालून रंग आणावा तर केशर आमच्या घरात दिवाळीला दिसायचं, तेही चिमूटभर. आई क्षणभर पातेल्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं तांब्या उचलला आणि पाणी ओतलं. थांबली. परत ओतलं. साखर घातली, वेलदोडा भरपूर घातला, उकळी आणली. मी दाराशी नऊवारीचा पदर सारखा करत उभी होते. मी सगळं बघितलं. तिनं मान वर केली नाही.

पेले सहाच होते. उरलेल्या दोघांसाठी घरातली दोन चांदीची फुलपात्रं काढली. मान म्हणून मामांना काचेचा पेला. काचेत निळं दिसतं हे स्वतःचंच बोलणं त्या धांदलीत आईच्या ध्यानात राहिलं नाही. जगात कुणी एवढी चूक केली नसेल, पण आमच्या घरात तो मान होता.

मी पाटावर बसले. मग सुरू झालं. नाव काय, किती बहिणी, भरतकाम येतं का, पुरणपोळी येते का, अक्षर दाखव, जरा चालून दाखव, इकडून तिकडे जा. मी गेले, आले. पायातली भिंगरी तेवढी कामाला आली म्हणायची. मुलगा खाली मान घालून बसला होता. मामा खिडकीशी खुर्चीवर, अंगात लांब काळा कोट, हातात दुधाचा पेला, अजून तोंडाला लावलेला नाही. खिडकीतून दुपारचा उजेड तिरपा येत होता.

"मॅट्रिकला आहे म्हणता?" मामा दादांना म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "मग सांग पाहू, मुली. आकाश निळं का दिसतं?"

म्हटलं, देवा, हाच प्रश्न? मी सांगितलं. बाईंनी सांगितलं होतं तसंच, पाठ म्हटल्यासारखं नाही, समजून. हवेतले कण, निळ्या उजेडाची उधळण, तांबड्याचं सरळ जाणं.

मामा हसले. पोट हलेपर्यंत हसले. "चूक! समुद्राचं प्रतिबिंब. तीस वर्षं मुलांना शिकवलंय मी." मग मुलाच्या आईकडे बघून म्हणाले, "पण हरकत नाही. मुलगी चुणचुणीत आहे. बाकीचं आम्ही शिकवू."

मुलाच्या आईनं मान हलवली. दादांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. झालंच सगळं. 'आम्ही शिकवू!' काय शिकवणार, समुद्र? मला समोर माघ दिसला, अक्षता दिसल्या, पुण्यातलं स्वयंपाकघर दिसलं आणि तिथे जन्मभर 'चूक' म्हणून हसणारा हा माणूस दिसला. आणि मामांच्या हातातला पेला दिसला. मागे काळा कोट, बाजूनं उजेड. पेल्यातलं दूध निळं पडलं होतं.

मला कळत होतं मी काय बोलणार आहे ते. लोकांना वाटतं, रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं. नाही. मी श्वास घेतला, शब्द जुळवले आणि मग बोलले.

"समुद्र नाही, मामा. तुमच्या हातातच आहे बघा. पेला असाच धरा कोटापाशी. निळा दिसतोय ना? दुधात पाणी घातलं की असंच निळं दिसतं. जितकं पाणी जास्त तितकं निळं. हवेचंही तेच आहे."

मामांनी पेल्याकडे बघितलं. मग बाकीच्यांनी आपापले पेले वर केले. फुलपात्रवाल्यांना काही दिसेना, तर ते शेजाऱ्याच्या पेल्यात डोकावले. सहा पेले खिडकीच्या उजेडात आणि आठ माणसं त्यात बघतायत! आज हसू येतं. तेव्हा नाही आलं. खाली हातोडे चालू होते.

"अगबाई, खरंच की," मुलाची आई म्हणाली. "पाणीच आहे हे."

आतल्या दारामागे आईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मामांनी पेला खाली ठेवला, न पिता. एकट्या त्या मुलानं आपला पेला खिडकीसमोर धरला, एक डोळा मिटून आरपार बघितलं आणि हळूच म्हणाला, "आणि इकडून तांबूस दिसतं." तेवढ्यापुरता मला तो माणूस आवडला होता. आता या वयात कबूल करायला काय हरकत आहे? पण तेवढ्यापुरताच.

मंडळी गेल्यावर दादांनी मला फैलावर घेतलं. "अक्कल गहाण टाकलीस का? आपण काय बोलतोय, कुणासमोर बोलतोय?" आणि मग खुर्चीत बसून, थकून, स्वतःशीच म्हणाले, "ती तरी काय करणार. शास्त्राचं बोलत होती. तिला काय ठाऊक दुधाचं." हे ते स्वतःच्या समाधानासाठी म्हणाले, आणि तेच घरात खरं ठरलं. मीही गप्प बसले. आई मोरीत बसून काचेचे पेले धूत होती. एकेक पेला किती तरी वेळ. एकही फुटला नाही. काकूंना परत करायला ती स्वतः गेली, मला पाठवलं नाही.

पुढे आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेव, पाणी आण, दार लाव. माझी परीक्षा वाचली होती, मला तर नाचायला हवं होतं. पण पुस्तकातलं एक अक्षर डोक्यात शिरेना. गच्चीवर जायची, खाली यायची, परत वर. तिच्या पायावर डोकं ठेवावं, 'चुकले' म्हणावं, असं दहादा मनात आलं. पण चुकले म्हणायचं तर मला ठाऊक होतं हे सांगावं लागणार, आणि ते सांगायची माझी छाती नव्हती. बाईंना शाळेत नुसतं इतकंच सांगितलं की स्थळ मोडलं बहुतेक. त्या म्हणाल्या, "मग आता अभ्यास कर. तोंड का असं?"

आणि मग पुण्याचं पत्र आलं. दादांनी टोपीही न काढता फोडलं. मुलगी पसंत! मुलाचा आग्रह होता म्हणे. मुहूर्त माघातलाच. आणि खाली मामांच्या हस्ताक्षरात आणखी एक ओळ होती की कार्यासाठी लागणारं दूध वरपक्षाकडून आणलं जाईल, म्हणजे शास्त्राचे प्रयोग पुन्हा होणार नाहीत.

आईला उघडं पाडलं आणि वर परीक्षाही गेली! दोन्हीकडून बुडाले. दादा कसनुसं हसले. "थट्टा केलीय हो त्यांनी. मोठ्या मनाचे आहेत म्हणून थट्टा केलीय. दुसऱ्यानं पत्रच टाकलं नसतं."

आई गहू निवडत होती. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "ते शेवटचं परत वाचा."

दादांनी वाचलं.

"नको म्हणून कळवा."

"वेडी आहेस का? हुंडा नाही, मुलगा नोकरीत, आणि ही घोडी अठराची होतेय. एका ओळीसाठी?"

"हिची परीक्षा होऊ दे. तोवर कुणालाही बोलवायचं नाही. बोलवलंत तर दूध तुम्ही आणा, तापवा तुम्ही आणि पाहुण्यांना द्याही तुम्हीच. मी घराबाहेर जाऊन बसेन."

दादांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ही बाई आत्ताच दारातून आत आलीय. आईनं त्यांना कधी शब्दानं उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांना नकाराचं पत्र लिहायला तीन दिवस लागले. चार कागद फाडले. आणि ते टपालात पडेपर्यंत माझा जीव टांगणीला.

मग मात्र मी अभ्यासाला लागले. थंडी, माघ, होळी, सगळं पुस्तकामागे गेलं. आई मला कामाला हाक मारेनाशी झाली. भाकऱ्या ती थापायची, पाणी ती भरायची. आळीतल्या बायकांनी विचारलं तर म्हणायची, "तिचं वर्ष आहे." ती मला एवढं देत होती आणि मी तिच्यापासून लपवत होते. तिनं स्थळ मोडलं ते मला निष्पाप समजून, माझी बाजू घेऊन, असं मी धरून चालले होते. ताटावर बसले की घास फिरायचा.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी टांगा सांगितला होता. मी देवाला नमस्कार केला, दादांना केला. आईला केला. तिनं माझ्या उजव्या तळहातावर दही घातलं आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"मी पाणी घालत होते तेव्हा तू दारात उभी होतीस," ती म्हणाली.

खाली टांगेवाला हाका मारत होता. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण तिनं हात सोडला नव्हता.

"हो."

"बघितलंस."

"हो."

"आणि तरी बोललीस."

मी मान हलवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हटलं, "आई, तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू बोलायच्या आधी श्वास घेतलास, तो मला दारामागे ऐकू आला."

"मग मोडलंस कशाला ते स्थळ? मला शिक्षा करायची होतीस. द्यायचं होतंस मला तिथे."

तिनं माझ्या हातावरचं दही बोटानं सारखं केलं, ओघळत होतं ते.

"ज्या पोरीला आईच्या अब्रूपेक्षा परीक्षा मोठी वाटली," ती म्हणाली, "तिला परीक्षेला नाही बसवायचं तर काय करायचं? चाट ते. उशीर होतोय."